स्पे नदीकाठचा निवांत आठवडा: सॅल्मन फिशिंगला पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण दरवर्षी कुणीतरी विचारतंच. आपला रावस म्हणजे सॅल्मन नाही. मुंबईत मेनूकार्डावर त्याला इंडियन सॅल्मन लिहितात, पण रावस हा समुद्रात आणि खाडीत राहणारा वेगळ्याच कुळातला मासा, सॅल्मनचं आणि त्याचं नातं नाही. सॅल्मन समजून घ्यायचा असेल तर चढणीचे मासे आठवा. मी महाडकडची, आमच्याकडे पहिला मोठा पाऊस होऊन ओढे वाहायला लागले की मासे प्रवाहाच्या उलट वर चढायला लागतात, पार शेतातल्या पाण्यापर्यंत येतात अंडी घालायला, आणि रात्री गावातली निम्मी माणसं बत्त्या घेऊन बाहेर असतात. सॅल्मन हा तसाच चढणीचा मासा, फक्त त्याची चढण अटलांटिक समुद्रापासून सुरू होते.

आम्ही स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला राहतो, नवरा तेल कंपनीत, आणि गेली काही वर्षं जुलैतला एक आठवडा आम्ही स्पे नदीच्या काठी ग्रँटाऊन-ऑन-स्पे या गावाजवळ कॉटेज भाड्याने घेऊन राहतो. लंडन, रेडिंग, मँचेस्टरकडची आपली मंडळी विचारतात की आम्हालाही यायचंय पण सुरुवात कुठून करायची, सामान काय, परवाना काय, पोरं कंटाळतील का. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते. बोलताना इथे 'सॅमन' म्हणतात, ल उच्चारत नाहीत, मी मात्र आपल्या सवयीप्रमाणे सॅल्मनच लिहिते.

तिकीट आधी, बाकी सगळं नंतर

स्कॉटलंडमध्ये इंग्लंडसारखं सरकारी रॉड लायसन्स काढावं लागत नाही. हे ऐकून लोक खूश होतात आणि तिथेच चुकतात. इथे सॅल्मन पकडायचा हक्क ही खाजगी मालमत्ता आहे, नदीचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी मालकीचा, त्या तुकड्याला बीट म्हणतात, आणि मालकाची लेखी परवानगी नसताना सॅल्मनसाठी गळ टाकला तर तो गुन्हा आहे. २००३ च्या लँड रिफॉर्म कायद्याने इथे कुणाच्याही रानातून चालायचा, तंबू ठोकायचा हक्क दिलाय हे खरं, पण त्या हक्कात मासेमारी येत नाही. तेव्हा 'सगळीकडे फिरता येतं ना, मग गळ टाकला तर काय' हा विचार डोक्यातून काढून टाका.

परवानगी मिळवायचे दोन मार्ग. एक म्हणजे खाजगी बीट, तिथे दिवसाचे पैसे भरायचे, सोबत गिली (त्या पाण्याचा जाणकार मदतनीस) मिळतो, बसायला लाकडी झोपडी असते, आणि खर्च बराच येतो. दुसरा म्हणजे गावच्या अँगलिंग असोसिएशनचं पाणी. ग्रँटाऊनला स्ट्रॅथस्पे अँगलिंग इम्प्रूव्हमेंट असोसिएशन आहे, त्यांच्याकडे स्पेचा मैलोन्‌मैल लांब पट्टा आणि तिला मिळणारी डलनेन नदी आहे आणि बाहेरून आलेल्यांना तिकीट मिळतं, खाजगी बीटच्या मानाने खूपच स्वस्त. आमचा फॉर्म्युला असा की आठवडाभराचं असोसिएशनचं तिकीट काढायचं आणि त्यातला एकच दिवस खाजगी बीटवर गिलीसोबत घालवायचा. पहिल्या खेपेला तो एक दिवस नक्की घ्या, त्या आठ तासांत जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही. बीटची बुकिंग फिशपालच्या वेबसाइटवर दिसतात.

स्पेचा सीझन ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर. मोठे मासे वसंतात येतात पण तेव्हा थंडीने बोटं गारठतात, नवशिक्यांनी जून-जुलै धरावा. आणि रविवारी स्कॉटलंडभर सॅल्मनची मासेमारी कायद्याने बंद, सगळीकडे, सगळ्यांना. म्हणून कॉटेज शनिवार ते शनिवार घ्या, रविवार हिंडायला ठेवा.

यायचं कसं: गाडी असेल तर इनव्हर्नेसहून तासाभरात येता, एडिंबरातून ए-९ ने अडीच-तीन तास. गाडी नसेल तर ट्रेनने एव्हीमोर, लंडनहून रात्रीची कॅलेडोनियन स्लीपर सुद्धा एव्हीमोरला थांबते, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी.

सामान

विकत काही घेऊ नका. परत सांगते, पहिल्या वर्षी विकत काही घेऊ नका. रॉड, रीळ, वेडर्स (पाण्यात उतरायची बुटांसकट जलरोधक पँट) सगळं भाड्याने मिळतं, गावातल्या टॅकल शॉपमध्ये विचारा किंवा गिलीला आधी फोन करा. स्पेवर दोन्ही हातांनी धरायचा लांब रॉड वापरतात, १३ ते १५ फुटी, पण उन्हाळ्यात पाणी कमी असलं की ११-१२ फुटी सुद्धा पुरतो आणि बायकांना, पोरांना तो जास्त सोपा जातो. लाइन फ्लोटिंग, म्हणजे पाण्यावर तरंगणारी. पुढे लीडर, म्हणजे बारीक पारदर्शक दोरा, आणि टोकाला फ्लाय.

फ्लाय म्हणजे गरीला केस, पिसं, चमकीचा दोरा बांधून केलेलं खोटं आमिष. इथे गांडूळ, कोळंबी वगैरे प्रकार विसरायचे. उन्हाळ्यात छोट्या फ्लाय लागतात, ८ ते १२ नंबरच्या, नंबर जितका मोठा तितकी फ्लाय छोटी. स्टोट्स टेल, कॅस्केड, मन्रो किलर, सिल्व्हर स्टोट, या चार प्रकारांत आठवडा निघतो. मन्रो किलर तर याच नदीकाठच्या अ‍ॅबरलोर गावची. दुकानात गेल्यावर सरळ सांगायचं, 'नवीन आहे, या आठवड्यात काय चालतंय?' तो काउंटरवरचा माणूस सकाळीच नदी बघून आलेला असतो, तो देईल ते घ्या. गरी बिनकाट्याची घ्या किंवा काटा पकडीने दाबून घ्या, मासा सोडताना त्याला कमी इजा होते.

ज्यात तडजोड करायची नाही अशा वस्तू: वेडिंग स्टिक (पाण्यात आधाराची काठी), लाइफ जॅकेट, वेडर्सचा कमरेचा पट्टा, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल आणि टोपी. गॉगल उन्हासाठी नाही, वाऱ्याने उलटी आलेली गरी डोळ्यात जाऊ नये म्हणून. स्पे ही स्कॉटलंडच्या मोठ्या नद्यांमध्ये वेगवान समजली जाते, वरून शांत दिसते पण गुडघाभर पाण्यात पाय उचलला की ओढ कळते. मी पहिल्याच वर्षी काठी काठावर विसरून आत गेले, गोट्यावरून पाय घसरला आणि पंधरा-वीस फूट वाहत गेले, पट्टा घट्ट होता आणि जॅकेट फुगलं म्हणून वाचले. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाची काठी मी स्वतः तपासते. आत असताना पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे, एक पाय टेकला की मगच दुसरा. पडलात तर उठायची धडपड न करता पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि हळूहळू काठाकडे सरकायचं.

अजून एक, कार्बनचा रॉड विजेचा उत्तम वाहक असतो. वर तारा असतील तिथे रॉड उभा करून चालायचं नाही, ढग गडगडले की रॉड आडवा ठेवून लांब व्हायचं.

आणि तुम्ही नॉर्वे वगैरेमध्ये वापरलेलं सामान घेऊन येणार असाल तर ते आधी जंतुनाशकाने धुऊन पूर्ण कोरडं करूनच आणा. तिकडच्या नद्यांमध्ये जायरोडॅक्टिलस नावाचा परजीवी आहे ज्याने नद्याच्या नद्या रिकाम्या केल्यात, तो इथे अजून आलेला नाही आणि येऊ नये म्हणून इथली माणसं जीव टाकतात.

रविवार: नदी नुसती बघायची

रविवारी गळ बंद म्हणजे दिवस वाया गेला असं नाही, उलट हाच दिवस महत्त्वाचा. नाश्ता करून निघा आणि काठाकाठाने दोन-तीन तास चाला. ग्रँटाऊनच्या खाली १७५४ चा जुना दगडी पूल आहे, सैन्याच्या रस्त्यासाठी बांधलेला, आता फक्त चालणाऱ्यांसाठी, त्याच्यावर उभं राहून खाली बघत बसा. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसेल, ते घाण नाही, वरच्या डोंगरातल्या पीटच्या मातीचा रंग आहे.

बघायचं काय तर पाण्याचा वेग कुठे बदलतो. नदी एका खोल डोहात शिरते तिथे वेगवान पाणी असतं, त्याला पुलाची मान म्हणतात (इथे डोहाला पूल म्हणतात, आपला पूल नव्हे), मग मधला खोल भाग, मग शेवटी पाणी पसरून उथळ होतं ती शेपटी. सॅल्मन विश्रांती घेतो ती जागा साधारणपणे मोठ्या दगडाच्या मागे-पुढे, किंवा वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेघेवर, किंवा शेपटीच्या अगदी तोंडाशी, नुकताच खालचा खळखळाट चढून आलेला मासा तिथे दम खातो. उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोमट असतं तेव्हा मासे मानेकडे सरकतात कारण तिथे खळखळाटामुळे ऑक्सिजन जास्त. ही जागा एकदा डोळ्याला दिसायला लागली की अर्धं काम झालं.

काठावरचा एक दगड खूण म्हणून धरून ठेवा, पाणी कुठपर्यंत आहे ते. रोज सकाळी तो दगड बघायचा. आमच्या गावातही पोरं असंच करायची. सेपा या इथल्या पर्यावरण खात्याच्या साइटवर पाण्याची पातळी तासातासाला कळते, ती पण बघा, पण दगडाची सवय लावा कारण वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असताना सुद्धा पाणी चढतं, आणि पाण्यात उभं असताना मोबाइल कोण बघणार.

सोमवार-मंगळवार: हात बसवायचा

स्पे कास्टिंग, म्हणजे लाइन फेकायची इथली पद्धत, हे नाव जगभर चालतं आणि ते या नदीवरूनच पडलंय. इथे काठापर्यंत झाडी आणि मागे उंच दरड, त्यामुळे डोक्यावरून मागे लाइन फेकायला जागाच नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात इथल्या लोकांनी अशी पद्धत काढली की लाइन मागे न जाता पाण्यावरच एक फास तयार होतो, रॉडच्या मागे इंग्रजी डी अक्षरासारखा, आणि त्याच्या जोरावर ती पुढे जाते.

नवशिक्यांनी या क्रमाने जावं. पहिला दिवस फक्त रोल कास्ट: रॉड हळू उचला, कानाच्या पातळीपर्यंत आणा, थांबा, लाइन बाजूला लोंबेपर्यंत थांबा, मग पुढे झटका आणि एकदम स्टॉप. जोर खालच्या हाताचा, वरचा हात नुसता टेकू. आपली माणसं वरच्या हाताने ढकलतात आणि दुपारपर्यंत खांदा धरतो. दुसऱ्या दिवशी डबल स्पे, म्हणजे स्पे कास्टचाच एक प्रकार. यात घाई अजिबात नाही, म्हणता म्हणता शिकता येतो. नियम एकच पाठ करा: वारा ज्या बाजूने येतोय त्याच्या उलट बाजूला फ्लाय असली पाहिजे. वारा नदीच्या उताराच्या दिशेने वाहत असेल तर डबल स्पे, वर चढणारा असेल तर सिंगल स्पे. हा नियम मोडला की गरी कानात.

लांब फेकायचा अट्टहास करू नका. पंधरा यार्ड सरळ गेली तरी बास, मासे पुष्कळदा काठाजवळच असतात.

आता मासेमारीची खरी रीत. पुलाच्या मानेपासून सुरुवात करायची. प्रवाहाच्या दिशेने तिरकी, साधारण ४५ अंशात फ्लाय टाकायची. लाइन प्रवाहाबरोबर कमानीसारखी फिरत फिरत तुमच्या बाजूच्या काठाशी येते, तेवढा वेळ काही करायचं नाही, रॉडचं टोक लाइनच्या मागे नेत राहायचं. लाइन सरळ झाली की दोन क्षण थांबा, थोडी आत ओढा, खालच्या दिशेला दोन पावलं सरका, परत टाका. टाका, फिरू द्या, दोन पावलं. असं करत शेपटीपर्यंत. मग बाहेर या, चहा प्या, परत मानेपासून. बाकी कुणी आधीच त्या पुलात असेल तर त्याच्या मागून सुरुवात करायची, पुढे घुसायचं कधीच नाही. काठावर येऊन 'तुमच्या मागून आलो तर चालेल का' एवढं विचारलं की इथली माणसं जागा देतात आणि वर दोन टिप्स पण.

हे तासन्‌तास चालतं आणि काहीही होत नाही. हे आधीच मनात पक्कं करून या. आठवड्यात एक मासा लागला तर तो चांगला आठवडा. एकही न लागणारे आठवडे आमचेही झालेत आणि त्यातला एक तर मला सगळ्यात जास्त आठवतो. पाण्यात कमरेभर उभं, आजूबाजूला सँडपायपर पक्षी शिट्ट्या मारतायत, पलीकडच्या काठावर मेंढ्या, आणि तासभर डोक्यात दोन पावलं सोडून दुसरा विचार नाही. मला वर्षातून एकदा याची गरज असते.

गिलीसोबतचा बुधवार आणि एक मासा

गिली हा शब्द गेलिक, मूळ अर्थ पोरगा, मदतनीस. आता मात्र गिली म्हणजे त्या बीटचा जाणकार, त्याला प्रत्येक दगड माहीत असतो. तो सांगेल तसं निमूट करायचं. त्याला नावाने हाक मारतात, सर वगैरे नको, पण दिवस संपल्यावर टिप द्यायची पद्धत आहे. नऊला सुरुवात, दुपारी झोपडीत जेवण. आम्ही डब्यात धपाटे आणि लसणाची चटणी नेली होती, आमच्या गिलीने तीन खाल्ले आणि सांगितलं की ओटकेकपेक्षा हे बरं.

मासा लागला दुपारी चार वाजता, ढग आले होते तेव्हा. आधी वाटलं गरी गवतात अडकली, लाइन नुसती थांबली, मग जड झाली, मग तिने हलायला सुरुवात केली. याच क्षणी सगळे नवशिके चुकतात, झटका मारून रॉड वर उचलतात आणि गरी माशाच्या तोंडातून निघून येते. ट्राऊटला झटका चालतो, सॅल्मनला नाही. त्याने फ्लाय घेऊन वळायला पाहिजे, वळला की गरी जबड्याच्या कोपऱ्यात बसते. मी गिलीने सांगितल्याप्रमाणे हात तसाच ठेवला, मनात 'गणपती बाप्पा मोरया' पूर्ण म्हटलं, रीळ कर्र करून वाजायला लागलं आणि मग रॉड उचलला. मासा पळतो तेव्हा पळू द्यायचं, रीळ धरून ठेवायचं नाही. उडी मारली की रॉडचं टोक खाली. थांबला की तुम्ही ओढायचं. आणि फार दमवायचा नाही, दहा मिनिटांच्या आत जाळीत आला पाहिजे.

पाच-सहा पाउंडांचा ग्रिल्स होता, म्हणजे समुद्रात एकच हिवाळा काढून परत आलेला तरुण सॅल्मन, उन्हाळ्यात बहुतेक असेच येतात. जाळीत पाण्यातच ठेवला होता. पाठ गडद निळसर, कुशी घासलेल्या चांदीच्या ताटासारख्या, आणि शेपटीजवळ दोन तपकिरी सी-लाइस (समुद्री उवा) चिकटलेल्या, मागे धाग्यासारख्या शेपट्या. गिलीने बोट दाखवलं आणि म्हणाला, या गोड्या पाण्यात थोडेच दिवस टिकतात, म्हणजे हा आत्ता परवाच समुद्रातून शिरलाय. मी तो हात ओला करून पोटाखाली धरला, तोंड प्रवाहाकडे. कल्ले उघडत होते, मिटत होते. मग एकदम हातातला जडपणा वाढला आणि तो गेला.

सोडायची पद्धत नीट लिहून ठेवा: जाळी बिनगाठींची, हात ओले, मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, गरी फोर्सेप्सने, शेपटीने लटकवायचा नाही, कल्ल्यांना बोट लावायचं नाही. फोटो पाण्यात असतानाच. मग प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः जाईपर्यंत धरायचा, ढकलायचा नाही.

आई त्या वर्षी आमच्याकडे आली होती, काठावर खुर्चीत मटार सोलत बसलेली. ती म्हणाली, "अगं, सोडलास? एवढा तासन्‌तास उभी राहून?" हा प्रश्न तुम्हालाही घरून येणार, म्हणून उत्तर सांगते. हा मासा कमी होतोय. २०२३ मध्ये स्कॉटलंडभर रॉडने पकडलेल्या सॅल्मनचा आकडा ३३ हजारांच्या आसपास आला, १९५२ पासून नोंदी ठेवतायत तेव्हापासूनचा सगळ्यात कमी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ब्रिटनमधला अटलांटिक सॅल्मन धोक्यात असलेल्या यादीत टाकला. कारणं बरीच, समुद्र तापतोय, नद्या तापतायत, धरणं, पिंजऱ्यातल्या माशांकडून येणाऱ्या उवा. स्पेच्या वरच्या अंगाला १९४३ चं स्पे डॅम आहे, तिथलं पाणी पलीकडे वळवून अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या विजेसाठी जातं, इथल्या लोकांना त्याची बोच आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मादी गोट्यांत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं दोन-तीन वर्षं इथेच वाढतात, मग समुद्रात जातात आणि आपल्याच नदीचा वास ओळखत परत येतात. असा आलेला एक मासा उचलून कढईत टाकायचा? स्पेवर येणारे बहुतेक सगळे स्वतःहून सोडतात. तिकिटावर काय नियम आहे तो वाचा, पण नियमाने परवानगी असली तरी सोडा, ही माझी विनंती समजा.

आईला मी वाळणकोंडीची आठवण करून दिली. महाडजवळ नदीच्या त्या कोंडीतले मोठे मासे देवीचे म्हणून कुणी मारत नाही, लोक कुरमुरे टाकतात आणि हात जोडून येतात. ती म्हणाली, "मग ठीक आहे." आणि मटार सोलायला लागली.

एक अपवाद मात्र आहे. विषम सालांत, म्हणजे २०२३, २०२५ वगैरे, इथे पिंक सॅल्मन नावाचा पॅसिफिकचा मासा घुसतो, तो इथला नाही. शेपटीवर मोठे काळे लंबगोल ठिपके आणि खवले अगदी बारीक. तो लागला तर सोडायचा नसतो, गिलीला किंवा असोसिएशनला लगेच कळवायचं. ओळख पक्की नसेल तर पाण्यातच धरून कुणाला तरी हाक मारा.

आणि पाण्याचं तापमान २० अंशांच्या पुढे गेलं की मासेमारी थांबवा. कोमट पाण्यात दमलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही. छोटा थर्मामीटर खिशात ठेवा. अशा दिवसांत पहाटे पाच ते आठ जा, जुलैत इथे साडेचारलाच उजेड असतो आणि रात्री दहापर्यंत दिसतं.

बाकीचे दिवस, आणि गावात राहण्याची रीत

गुरुवारी सुट्टी घ्या, हात दुखत असतात. गाडी काढा आणि नदीच्या बाजूने खाली समुद्रापर्यंत जा. वाटेत क्रेगेलाकीला थॉमस टेलफर्डने १८१४ च्या सुमारास बांधलेला बिडाचा पूल आहे, खाली उतरून बघा. शेवटी स्पे बे, तिथे टगनेटला १८३० चं जुनं आइस हाउस आहे, जमिनीत गाडल्यासारख्या कमानींचं. पकडलेले सॅल्मन लंडनला पाठवायला लागायचे म्हणून त्यात बर्फ साठवायचे. त्याच्या शेजारी डॉल्फिन सेंटर आहे, आणि नदीच्या तोंडाशी डॉल्फिन दिसतात कारण त्यांनाही सॅल्मनच हवा असतो. पोरांचा हा सगळ्यात आवडता दिवस.

परतताना बकी किंवा लॉसीमाउथच्या धक्क्यावर मॅकरेल मिळाला तर घ्या. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, समुद्रात रॉडने पकडायला तिकीटही लागत नाही, पोरं पिसांच्या दोरीने पटापट काढतात, जेवणापुरते घ्या आणि थांबा. मी कोकम आणि तिरफळं घरून घेऊन जाते. कॉटेजच्या छोट्या किचनमध्ये बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, गरम भात, बाहेर रात्री नऊचं ऊन. सॅल्मन खायची फारच इच्छा असेल तर दुकानातला असतो, तो मत्स्यशेतीतला. रॉडने पकडलेला जंगली सॅल्मन विकायला इथे कायद्याने बंदी आहे, कुणी देऊ केला तरी घेऊ नका.

पोरांसाठी अजून: एव्हीमोरहून ब्रूमहिलपर्यंत वाफेच्या इंजिनाची स्ट्रॅथस्पे रेल्वे, लॉख गार्टनला ऑस्प्रेचं घरटं (हा मासेमार गरुड ब्रिटनमधून जवळजवळ संपला होता, १९५० च्या दशकात इथे परत आला), अ‍ॅबरनेथीच्या जुन्या पाइनच्या रानात लाल खारी, आणि जुलैच्या शेवटी जमिनीलगत ब्लेबेरी, जांभळासारखी जीभ निळी होते. संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये 'केली', म्हणजे इथल्या लोकनाचाचा कार्यक्रम, असेल तर जाच. स्ट्रॅथस्पे हे एका संथ नाचाचं पण नाव आहे, या खोऱ्यावरूनच पडलेलं, फिडलच्या ठेक्यावर. पावलं येत नसली तरी ओढून घेतात आणि शिकवतात.

मिजेस विसरू नका. चिलटांसारखे बारीक, पण चावतात, शेकड्याने येतात. वारा असला की गायब, वारा पडला आणि संध्याकाळ झाली की हजर, नेमके मासे चालू व्हायच्या वेळेला. डोक्यावरून घालायची जाळी दोन-तीन पौंडांत मिळते, प्रत्येकासाठी एक घ्या. स्मिज नावाचं लोशन लावा. गवतातून चालून आल्यावर पोरांच्या गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा, टिक रिमूव्हरने सरळ काढा, चिरडू नका, आणि नंतर तिथे गोल लाल चट्टा आला तर डॉक्टरकडे जा.

गावच्या चालीरीती साध्या आहेत. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं, बंद होतं तर बंद, उघडं तर उघडं. एकेरी रस्त्यावर पासिंग प्लेसमध्ये थांबून वाट द्यायची आणि हात दाखवायचा, समोरचा दाखवतोच. शेताच्या दाराशी अंड्यांची पेटी आणि पैशाचा डबा असतो, बघायला कुणी नसतं, सुट्टे पैसे जवळ ठेवा. दुकानं लवकर बंद होतात, दूध-पाव दुपारीच आणा. जुलैत मेंढ्यांची लोकर काढायचं काम चालू असतं, कुंपणाजवळ उभं राहून बघा, विचारलंत तर शेतकरी आत बोलावतो, मुलीला एकदा अख्खी लोकर उचलायला दिली होती, तिचे हात दोन दिवस तेलकट मऊ होते.

शुक्रवार-शनिवार मात्र परत नदीवर. बहुतेक वेळा याच दोन दिवसांत पाऊस पडून गेलेला असतो, पाणी चढून उतरायला लागतं, आणि उतरणाऱ्या, निवळणाऱ्या पाण्यात मासे हलतात, नेमकी चढणीची वेळ. दगड बघा: काल बुडालेला आज अर्धा वर आला असेल तर नाश्ता सोडा आणि पळा. कॉटेज शनिवारी सकाळी सोडायचं असतं, पण गाडीत सामान भरून सुद्धा दुपारपर्यंत एक फेरी होते.

निघायच्या आधी दोन कामं. वेडर्स आणि बूट ब्रशने घासून धुवा, उलटे टांगून खडखडीत वाळवा, भाड्याचे असले तरी, ओल्या चिखलातून एका नदीतलं दुसऱ्या नदीत जातं. आणि तिकिटासोबत कॅच रिटर्नचा फॉर्म असतो तो भरून द्या, कुठल्या पुलात, कुठल्या तारखेला, सोडला की ठेवला. काही लागलं नसेल तर शून्य लिहून द्या, पण द्याच, पुढच्या वर्षीचे नियम याच कागदांवरून ठरतात.